भावनगरचे पाच हजार वाया गेले का?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं : भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी ५,००० रुपये दिले, तेवढेच मुंबई सरकारनेही घातले, मग पुण्याच्या वेधशाळेला नाव एकट्या महाराजांचं का? शिवाय ती २४ वर्षांत बंद पडली, म्हणजे पैसा पाण्यात गेला. त्यापेक्षा कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजच्या गच्चीवर घुमट बांधायला दाता शोधावा.

आकडा तुमचा बरोबर आहे. सगळा खर्च महाराजांनी केला असं माझ्या लेखातून वाटत होतं, ते दुरुस्त केलंय. पण १८८२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातल्या एका व्याख्यात्यासाठी, म्हणजे पुढे ही वेधशाळा चालवणाऱ्या कावसजी दादाभाई नायगमवालांसाठी, पुढे आलेला दाता तेच होते, म्हणून नाव त्यांचं असण्यात मला काही वावगं वाटत नाही.

पैसा पाण्यात गेला, हे मात्र मान्य नाही. १८८८ मध्ये उभी राहिलेली, ग्रब या दुर्बीणकाराची २० इंची परावर्तक (आरशाची) दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. त्या काळात तेजोमेघांच्या (आकाशातल्या वायूच्या ढगांच्या) वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फाकवलेल्या प्रकाशातल्या, मुख्य हिरव्या रेषेवरून वाद पेटला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर म्हणत, ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड आहे. तसा पट्टा एका बाजूला धारदार असतो, दुसरीकडे विरत जातो. म्हणजे प्रकाश भरपूर फाकवून रेषेच्या दोन्ही कडा बघायच्या. पण फाकवला की प्रकाश मंदावतो, म्हणून मोठा आरसा लागतो. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघावर हे करून पाहिलं. रेषा दोन्हीकडून धारदारच निघाली, आणि १८९१ मध्ये त्यांनी ते छापलं. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे अमेरिकन शास्त्रज्ञ बोवेनने १९२७ मध्ये दाखवलं. पुढे १८९८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर आपल्या विजयदुर्गावर होते आणि नायगमवाला जेऊरला.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा मिटली आणि सामान कोडाईकनालच्या वेधशाळेला गेलं. माझ्या मते उणीव दुसऱ्या माणसाची होती, यंत्राची नव्हे.

तुमच्या गच्चीवरच्या घुमटाचंही तेच होऊ शकतं. दुर्बिणीचा खांब थेट इमारतीच्या कॉलमवर उभा करा आणि घुमटाची जमीन त्याला कुठेही टेकू देऊ नका, बोटभर फट ठेवा. नाहीतर कुणी पाऊल टाकलं की तारा हलतो. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश. दुर्बीण ज्याभोवती फिरते तो ध्रुवाकडचा अक्ष तेवढाच उचलायचा असतो. काही तयार माउंट (दुर्बीण धरून फिरवणारे आधार) इतके खाली उतरत नाहीत किंवा त्यांचं समतोलाचं वजन खांबाला धडकतं, तेव्हा मागवण्याआधी विचारून घ्या. सगळ्यात वाईट म्हणजे आपला पावसाळा. चार महिने बंद राहिलेल्या भिंगांवर बुरशी धरते आणि ती वरचा लेप खाते. झाकणाच्या आत सिलिका जेल ठेवा, निळं दाणं गुलाबी झालं की तापवून पुन्हा कोरडं करा. घुमट रिकामा का होईना, आठवड्यातून एकदा पूर्ण फिरवा, नाहीतर रुळावर गंज चढून चाकं अडकतात.

हे दर आठवड्याला कोण करणार? म्हणून दाता भेटलाच तर निम्मी रक्कम बँकेत ठेवायला सांगा. व्याजातून त्या माणसाचं मानधन निघेल.