माजी राजकवी डफी आणि ‘प्रचारकी’ कवितेचा आक्षेप : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ब्रिटिश कवयित्री कॅरल ॲन डफी यांच्यावरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की मी एका चांगल्या कवयित्रीला स्त्रीवादाच्या खुंटीला टांगले, ‘द वर्ल्ड्स वाइफ’ (१९९९) हा त्यांचा कवितासंग्रह म्हणजे थोर पुरुषांच्या बायकांनी केलेली नवऱ्यांची टिंगल आहे, आणि २००९ मध्ये त्यांना मिळालेले ब्रिटनचे राजकवीपद हाही त्याच वाऱ्याचा प्रसाद आहे.

यातले थोडे आधीच मान्य करतो. चिंपांझी पाहून नवरा आठवणाऱ्या श्रीमती डार्विनची चार ओळींची कविता हा निव्वळ चुटका आहे. दुसऱ्या वाचनात तिच्यात काही उरत नाही. पण ‘मिसेस मिडास’चे तसे नाही. (या शीर्षकाला मराठीत ‘सौ. मिडास’ हे अगदी चपखल बसते: बाईची ओळख नवऱ्याच्या नावाने सांगण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही.) स्पर्शाने सारे सोन्याचे करणाऱ्या नवऱ्यापासून वाचवण्यासाठी ती मांजराला तळघरात कोंडते, इथवर आपण हसतो. पुढे ती भीतीने निजायची खोली वेगळी करते आणि त्याला घराबाहेर काढते. तिची तक्रार त्याच्या हावरेपणाबद्दल नाही, वर मागताना त्याने आपला विचारच केला नाही याबद्दल आहे. आणि शेवटी तिला आठवतात ते त्याचे ऊबदार हात. टिंगल करणारी बाई असे बोलत नाही.

राजकवीपदाविषयी फार लिहीत नाही. १६६८ मध्ये ड्रायडन यांच्यापासून सुरू झालेल्या या पदावर ३४१ वर्षांत एकही स्त्री आली नव्हती, तेव्हा वारा इतकी वर्षे कोणत्या दिशेने वाहत होता, हे आपणच ठरवावे.

खरा मुद्दा खुंटीचा आहे. ‘स्टँडिंग फीमेल न्यूड’ (१९८५) या संग्रहाच्या शीर्षककवितेत चित्रकारासमोर सहा सहा तास विवस्त्र उभी राहणारी बाई बोलते. तो आकारमान आणि अवकाश यांच्या विवंचनेत आहे, तिला पुढच्या जेवणाची चिंता आहे. मात्र डफी त्याला खलनायक करत नाहीत. दोघेही गरीब आहेत आणि जमेल तसे पोट भरत आहेत, हे तीच सांगते. चित्र पुरे झाल्यावर तो अभिमानाने दाखवतो, सिगारेट पेटवतो. ती बारा फ्रँक मागते, शाल उचलते आणि म्हणते की हे माझ्यासारखे दिसत नाही. आजवर जिच्याकडे केवळ पाहिले गेले, तिने पाहणाऱ्याबद्दल मत द्यावे, हा बदल इथे घोषणेतून आलेला नाही, ‘मी’ म्हणण्याचा हक्क कोणाला मिळाला यातून आला आहे.

हा हक्क डफी केवळ स्त्रियांना देत नाहीत. त्याच संग्रहातल्या ‘एज्युकेशन फॉर लेझर’मध्ये बेकारभत्त्यासाठी सही करायला दोन मैल चालत जाणारी आणि त्या सहीला ‘स्वाक्षरी’चा मान मिळत नाही म्हणून चिडणारी एक धोकादायक व्यक्ती बोलते. पंतप्रधान थॅचर यांच्या काळात ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती, त्या काळाची ही कविता. चाकूच्या उल्लेखामुळे २००८ मध्ये ती इंग्लंडमधल्या एका परीक्षा मंडळाच्या शालेय संकलनातून काढली गेली.

म्हणून माझ्या लेखाचा दोष मला वेगळाच वाटतो. स्त्रीवादाविषयी मी जास्त लिहिले असे नाही; वर्गाविषयी कमी लिहिले. डफी यांचे वडील कामगार चळवळीतले होते, हे मी एका वाक्यात उरकले. आणि ‘वॉर्मिंग हर पर्ल्स’ ही १९८७ च्या ‘सेलिंग मॅनहॅटन’मधली कविता तर पूर्णच राहिली. तिच्यातली दासी मालकिणीचे मोती दिवसभर आपल्या गळ्यात घालून त्यांना अंगाची ऊब देते आणि संध्याकाळी ते तिच्या थंड, गोऱ्या गळ्यात घालते. रात्री माळ्यावरच्या खोलीत तिला ते मोती अंगावर नसल्याचे जाणवत राहते आणि ती जळत राहते. तिथे चाकरी कुठे संपते आणि ओढ कुठे सुरू होते, हे मला अजून नेमके सांगता येत नाही. लेखाची पुढची आवृत्ती या कवितेपासूनच सुरू करीन.