निरोपाचा प्रवास जमिनीवरून करावा

परत आल्यापासून नातेवाईक आणि मैत्रिणी मला एकच प्रश्न विचारत आहेत: कॅनडातल्या लेक लुईसच्या फोटोत तळे कुठे आहे? प्रश्न रास्त आहे, कारण माझ्या फोटोत पायाखाली पांढरे मैदान, मागे पांढरा डोंगर आणि मध्ये लाल टोपी घातलेली मी, एवढेच दिसते. कॅलेंडरवर छापतात ते निळसर हिरवे पाणी तिथे खरोखरच असते. पण ते साधारण जून उजाडल्यावर दिसते, आणि एक्स्चेंजवर, म्हणजे काही महिने तिथल्या विद्यापीठात शिकायला, गेलेल्या मुलांच्या परीक्षा एप्रिलअखेर संपतात. मे २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पोहोचलो तेव्हा ते तळे गोठलेले होते आणि शेजारच्या मोरेन लेककडे जाणारा रस्ता तर उघडलाही नव्हता. तरीही तो प्रवास फुकट गेला असे मला वाटत नाही, उलट एक्स्चेंजच्या आठ महिन्यांत मी जे शिकले त्यातला मोठा वाटा त्या सहा दिवसांचा आहे, आणि यंदा जाणाऱ्या मुलामुलींनी हे वाचावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी एडमंटन शहरातल्या विद्यापीठात होते. तिथल्या माझ्या बरोबरीच्या बहुतेकांनी निरोपाचे दोनच प्रकार केले. काहींनी शेवटचा पेपर दिला आणि दुसऱ्या दिवशी विमान धरले. बाकीच्यांनी पाचजणांत एक गाडी भाड्याने घेऊन तीन दिवसांत बॅन्फचे राष्ट्रीय उद्यान ‘उरकले’. मला दोन्ही पटत नाही. ज्या गावात आपण आठ महिने राहिलो तिथून निघून समुद्रापर्यंत जमिनीवरूनच जावे, आणि जमेल तितके सावकाश जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. यात पैसे वाचत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. विमानाने एडमंटनहून समुद्रकाठचे व्हँकुव्हर दीड तासाचे अंतर आहे, आणि तिकीट आधी काढले तर विमान स्वस्तही पडते.

निघण्याच्या आदल्या रात्री कुकर, लाटणे आणि मिसळणाचा डबा सांगलीहून आलेल्या एका मुलीच्या स्वाधीन केला, आणि उणे तीसमध्ये जीव वाचवणारा जाड कोट पुढच्या तुकडीसाठी खुंटीवर ठेवला. मग शेवटचे म्हणून हाय लेव्हल ब्रिजवरून चालत गेले. या पुलाखालची नॉर्थ सस्कॅचेवान नदी मी नोव्हेंबरात गोठताना पाहिली होती आणि एप्रिलमध्ये तिचे बर्फ तडकतानाही पाहिले होते. मी नाशिकची. नदी दिसली की ती कुठून येते हे विचारायची सवय आम्हाला त्र्यंबकच्या फेऱ्यांनी लागलेली असते. आठ महिने मात्र मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता, हे त्या पुलावर लक्षात आले आणि जरा लाजही वाटली.

पश्चिम कॅनडात गाडी नसलेल्या माणसाने प्रवास करणे किती अवघड आहे, हे इथे बसून कळणार नाही. ग्रेहाउंडच्या बसगाड्या गावोगाव जात असत. त्या कंपनीने ऑक्टोबर २०१८ अखेर पश्चिमेकडील सेवा जवळजवळ संपूर्ण बंद केली आणि २०२१ मध्ये उरलेला कॅनडाही सोडला. पश्चिमेकडे जाणारी प्रवासी रेल्वे आठवड्यातून दोनच दिवस, तीही रूळ मालगाडीवाल्या कंपनीचे असल्यामुळे प्रत्येक मालगाडीला वाट देत जाते. आमची गाडी एका आडबाजूच्या रुळावर तब्बल सव्वा तास उभी होती आणि समोरून कंटेनरच्या दुमजली रांगा संपता संपत नव्हत्या. आपल्या एसटीला आपण किती नावे ठेवतो! त्या सव्वा तासात मी एसटी महामंडळाची मनोमन क्षमा मागितली.

जास्पर आले ते काळे होऊन. २४ जुलै २०२४ रोजी वणवा या गावात शिरला आणि गावातील सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. नऊ-दहा महिन्यांनंतरही काही गल्ल्यांत घरांचे नुसते चौथरे आणि तारेची कुंपणे होती, तर लागूनच्या गल्लीत खिडकीत कुंड्या आणि दारात सायकली जशाच्या तशा होत्या. गावाबाहेरच्या डोंगरउतारावर लॉजपोल पाइनची जळकी खोडे काड्यापेटीतल्या काड्यांसारखी उभी होती. त्यांचे शंकू राळेने घट्ट बंद असतात आणि ती राळ वणव्याच्या उष्णतेने वितळल्यावरच बी बाहेर पडते, हे मला माहीत होते, वर्गात त्यावर गुणही मिळाले होते. पण असा उघडलेला शंकू तळहातावर घेतला तेव्हा त्याच्या खवल्यांची कड इतकी तीक्ष्ण होती की बोटाला रक्त आले. त्या गावातल्या माणसासमोर ‘जंगल परत येते’ हे वाक्य उच्चारायचा मला धीर झाला नाही.

जास्परहून लेक लुईसपर्यंतचा आइसफील्ड्स पार्कवे हा २३२ किलोमीटरचा रस्ता. तिथे मेमध्ये आम्हाला सोयीची एकही बस मिळाली नाही, म्हणून माझा हट्ट बाजूला ठेवून वसतिगृहातील दोघींबरोबर गाडी घ्यावी लागली. या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. कडेला एक काळे अस्वल मान खाली घालून पिवळी डँडेलियनची फुले खात होते, अगदी गायीसारखे. आम्ही काचा वर करून पुढे गेलो.

अथाबास्का हिमनदी हा या साऱ्या प्रवासाचा गाभा. तिच्या टोकाकडे जाणारा छोटा रस्ता गाड्यांना अजून बंद होता, तेव्हा चालत निघालो. वाटेवर ठिकठिकाणी वर्षे लिहिलेल्या पाट्या आहेत: त्या त्या वर्षी बर्फाचे टोक तिथवर होते. सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून अधिक मागे सरकली आहे. १९९२ हे माझ्या आईच्या दहावीचे वर्ष. त्या पाटीपाशी उभी राहून मी समोर पाहिले, तर बर्फाची कड अजून चांगलीच लांब, आणि मध्ये नुसता करडा खडक आणि गाळ. आईची दहावी म्हणजे काही इतिहास नव्हे.

ही हिमनदी ज्या कोलंबिया आइसफील्डमधून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या विस्तीर्ण बर्फाच्या पठारातून, उतरते, त्यातील स्नो डोम नावाच्या शिखराचे पाणी तीन दिशांना जाते: आर्क्टिककडे, पॅसिफिककडे आणि हडसनच्या उपसागराकडे. आमच्या ब्रह्मगिरीवरून गोदावरी पूर्वेला आणि वैतरणा पश्चिमेला जाते, म्हणून जलविभाजक ही कल्पना मला नवी नव्हती. नवा होता तो पुढचा क्षण. सनवाप्टा खिंड ओलांडून रस्ता खाली वळतो तिथे गोट्यांतून खळाळणारा एक ओहोळ दिसला, आणि नकाशा पाहणारी मैत्रीण म्हणाली, ‘‘ही आपली नदी.’’ याच आइसफील्डच्या सस्कॅचेवान हिमनदीतून निघून ती एडमंटनला त्या पुलाखाली येते. आठ महिने मी जे पाणी प्यायले ते हे. विमानाने गेले असते तर ही गोष्ट मला कधीही भेटली नसती, आणि माझे सगळे म्हणणे एवढ्यासाठीच आहे.

बॅन्फविषयी फार लिहीत नाही, कारण सगळेच लिहितात. एवढेच सांगते की या उद्यानात महामार्ग ओलांडण्यासाठी वन्यप्राण्यांना ६ पूल आणि ३८ भुयारी वाटा करून दिल्या आहेत, आणि गाडी नसलेल्या माणसाने कुठून जावे याचा विचार त्या मानाने बराच कमी झालेला आहे. अस्वलासाठी घेतलेला मिरपुडीचा फवारा विमानात नेता येत नाही, तेव्हा तो वसतिगृहाच्या फळीवर ठेवला. तिथे माझ्याआधी निघून गेलेल्यांचे चार फवारे होतेच.

तिथून व्हँकुव्हरची बस दिवसभराची. रॉजर्स खिंडीत भर मेमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या, आणि त्यानंतर रेव्हलस्टोकच्या पुढे क्रेगेलाकी नावाचे नुसते ठिकाण लागते. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा तिथे ठोकला गेला. त्या प्रसंगाचे छायाचित्र कॅनडात शाळकरी पोरालाही ठाऊक असते, पण ब्रिटिश कोलंबियातील सर्वांत जोखमीचे काम करणारे हजारो चिनी मजूर त्यात दिसत नाहीत. त्याच वर्षी चिनी माणसाच्या प्रवेशावर ५० डॉलरचा कर बसला, १९०३ मध्ये तो ५०० डॉलर झाला. खिडकीतून रूळ झाडांआड दिसत होते आणि दिसेनासे होत होते; बस काही थांबली नाही.

व्हँकुव्हरला स्टॅन्ली पार्कच्या वाटेवर कोल हार्बरपाशी कोमागाटा मारू या जहाजाचे स्मारक आहे. कॅनडाने १९०८ मध्ये अशी अट घातली होती की येणाऱ्याने आपल्या देशातून निघून वाटेत कुठेही न थांबता, अखंड प्रवास करून यावे. भारतातून तिकडे थेट जहाज नव्हते, तेव्हा अट कोणासाठी होती हे उघड आहे. २३ मे १९१४ रोजी ३७६ भारतीय प्रवाशांना घेऊन हे जहाज बंदरात आले. त्यांपैकी जेमतेम दोन डझन लोकांना उतरू दिले, आणि दोन महिने किनाऱ्यासमोर उभे ठेवून २३ जुलैला ते परत पाठवले. सप्टेंबरमध्ये कोलकात्याजवळ बजबज येथे उतरल्यावर त्यांच्यावर गोळीबार झाला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती मे २०१६ मध्ये.

मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसले होते. एडमंटनपासून रेल्वे, भाड्याची गाडी, बस आणि स्कायट्रेन, म्हणजे व्हँकुव्हरची मेट्रो, असा चार तुकड्यांत मोडलेला प्रवास करून मी आले होते आणि वाटेत कोणीही मला कागद विचारला नव्हता. ऑगस्टमध्ये देशात शिरतानासुद्धा अधिकाऱ्याने विद्यापीठाचे पत्र चाळून विषय कोणता एवढे विचारले, आणि शिक्का मारला. शेजारच्या बाकावरच्या वयस्कर सरदारजींनी कुठून आलीस म्हणून हिंदीत विचारले. मी आधी नाशिक म्हणाले, मग एडमंटन. ‘‘बसने?’’ त्यांनी विचारले, आणि हो म्हटल्यावर पिशवीतून एक संत्रे काढून माझ्या हातावर ठेवले.