कट्ट्यावरच्या गप्पा आणि खंबाटकीचा बोगदा

साताऱ्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'सायकोथेरपी म्हणजे पैसे देऊन मारलेल्या गप्पा. बोलून रोग बरा होत नाही. एकदा गेलात की जन्माचं गिऱ्हाईक. त्यापेक्षा कट्ट्यावर मित्राजवळ मन मोकळं करा.'

आधी गप्पांचं बघू. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा आला की एखाद्याची छाती धडधडते, श्वास अडकतो, आता मरतोय असं वाटतं. ईसीजी मात्र नॉर्मल. मित्र म्हणतो, 'मी आहे ना,' नाहीतर 'रेल्वेनं जा.' सांगतो प्रेमापोटीच, पण त्यानं भीती पक्की होते. बोगदा टाळला की लगेच हायसं वाटतं आणि मेंदू शिकतो: टाळलं म्हणून वाचलो.

थेरपिस्ट नेमकं उलटं करतो. आधी खोलीतच मिनिटभर जागेवर पळायला लावतो. धडधड वाढते, काही होत नाही, आपोआप उतरते. मग स्टँडवर उभ्या एसटीत बसायचं, भुईंजपर्यंत जायचं, कुणाला तरी सोबत घेऊन बोगद्यातून शिरवळ गाठायचं, शेवटी एकट्यानं. निघताना कागदावर लिहायचं, 'काय होईल असं वाटतंय?' उतरल्यावर, 'काय झालं?' एकेक पायरी कंटाळा येईपर्यंत. फसतं ते दोन ठिकाणी. एक, भीती शिगेला पोचली की बोगद्याआधी सुरूरलाच उतरून घेणं. दुसरं, हातातली पाण्याची बाटली, खिशातली गोळी, बायकोला लावून ठेवलेला फोन. मग पार पडल्याचं श्रेय बाटलीला जातं!

'बोलून रोग बरा होत नाही' हा आक्षेप जुनाच. 1952 मध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनीही घेतला होता. 1977 मध्ये स्मिथ आणि ग्लास या संशोधकांनी 375 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा थेरपी घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्यांपैकी 75 टक्क्यांपेक्षा बरा निघाला. पुढच्या काटेकोर अभ्यासांत फरक घटला, पण पुसला नाही. परदेशातलं नको असेल तर गोवा घ्या. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी बऱ्यापैकी तीव्र नैराश्यावर 6 ते 8 बैठका घेतल्या. 3 महिन्यांनी 64 टक्के लोक त्यातून बाहेर आले होते; नेहमीच्याच उपचारांवर 39 टक्के. (2017 मध्ये प्रसिद्ध.) म्हणजे 36 टक्के आले नाहीत, हेही सांगायला हवं. स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे गंभीर मानसिक आजार असतील तर औषध आधी, बोलणं जोडीला.

'जन्माचं गिऱ्हाईक'? कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे वर बोगद्यासाठी सांगितली तशी विचार आणि वागणं बदलायची पद्धत, साधारण 12 ते 20 बैठकांची. नैराश्यात ते किती आहे हे मोजणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली भरून घेतात: 9 प्रश्न, 0 ते 27 गुण. सहा-सात बैठकांनंतरही आकडा हलत नसेल तर पद्धत बदला, नाहीतर थेरपिस्ट बदला. वर्षभर नुसती मान डोलावणारा, घरी करायला काहीच न देणारा भेटला असेल, तर मेसेजवाल्याचं बरोबर आहे.

पैशांचं म्हणाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. खासगीत गेलात तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा (अशा सायकॉलॉजिस्टांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी क्रमांक मागा. आढेवेढे घेतले तर सरळ कट्ट्यावर या.