सिग्नल सायकलवाल्यालाही असतो

सकाळी साडेनऊच्या सुमाराला पुण्यातल्या गुडलक चौकात दहा मिनिटं उभं राहा आणि फक्त सायकली बघा. सिग्नल लाल असतो. दुचाकीवाले झेब्रावर चढून का होईना, पण थांबलेले असतात. मागून एक सायकल येते. हेल्मेट, हातमोजे, पाठीवर लॅपटॉपची सॅक, सगळं जिथल्या तिथे. दुचाकींच्या फटीतून ती पुढे सरकते, रस्ता ओलांडणाऱ्या माणसांमधून वाट काढते आणि निघून जाते. शिट्टी वाजत नाही, मोबाइलवर चलान येत नाही. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि सायकलला ती नसते.

ऑफिसला सायकलने जाणारे आपण लोक (हो, आपणच) या नसलेल्या नंबरप्लेटलाच परवाना समजायला लागलोय. आपण पेट्रोल जाळत नाही, धूर सोडत नाही, जागा कमी घेतो. सगळं खरं. पण त्याच्या बदल्यात शहराने आपल्याला नियमांत सूट द्यावी, हा हिशोब कुणी मांडला?

‘सायकलला कायदा लागूच होत नाही’ हे वाक्य सायकलवाल्यांच्या ग्रुपवर दर आठवड्याला येतं. ते अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि सायकल त्याच्या व्याख्येतलं ‘मोटार वाहन’ नाही. म्हणून लायसन्स नाही, विमा नाही, ई-चलान नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (पूर्वीच्या भारतीय दंड विधानाचं २७९) सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे ‘वाहन’ चालवण्याबद्दल आहे. त्यात मोटार हा शब्द नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या धडकेने कुणाचा जीव गेला तर त्याच संहितेचं कलम १०६, म्हणजे पाच वर्षांपर्यंत कैद. तिथे ‘पण साहेब, सायकल होती’ हा बचाव नाही. जुन्या माणसांना आठवत असेल, सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसेल तर पोलीस चाकातली हवा सोडायचे आणि डबलसीटला दंड व्हायचा. सायकल तेव्हा वाहन होती. मधल्या काळात ती खेळणं झाली आणि आता ‘लाइफस्टाइल’ झाली आहे.

थोडं गणित करू. सत्तर किलोचा माणूस, पंधरा किलोची सायकल आणि सॅक, वेग ताशी २५ किलोमीटर. या जोडगोळीची गतिज ऊर्जा साधारण दोन हजार ज्यूल होते. तोच माणूस ताशी पाचच्या चालीने चालला तर सत्तरच्या आत. म्हणजे तीसपट. डंपरसमोर आपण चिलट आहोत हे मान्य, पण झेब्रावरच्या माणसासाठी डंपर आपणच. त्यात सायकलला आवाज नाही. पादचारी, विशेषतः म्हातारी माणसं, कानाने रस्ता ओलांडतात. दुचाकी ऐकू येते म्हणून ती थबकतात, सायकल ऐकूच येत नाही म्हणून पाऊल टाकतात. आपल्या हेल्मेटचा त्यांना काही उपयोग नाही.

आता उलट दिशेने येणं. पुण्यात याचं माहेरघर जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता. जंगली महाराज रस्ता डेक्कनकडे येणारा, फर्ग्युसन रस्ता डेक्कनहून जाणारा, दोन्ही एकेरी. चुकीच्या रस्त्यावर काम निघालं की वळसा पडतो, म्हणून ‘कडेकडेने जातो, कुणाला त्रास नाही.’ त्रास कसा होतो ते सांगतो. आपण ताशी २०ने आणि समोरची मोटार ४०ने येत असेल तर दोघं ६०च्या वेगाने जवळ येतो. पन्नास मीटरचं अंतर तीन सेकंदांत संपतं. त्याच दिशेने जात असतो तर फरक २०चा असता आणि मागच्या चालकाला नऊ सेकंद मिळाले असते. शिवाय गल्लीतून एकेरी रस्त्यावर येणारा माणूस, जिकडून वाहनं येतात तिकडेच बघतो. डावीकडून कुणी येईल हे त्याच्या डोक्यातच नसतं, आणि का असावं? तिसरं म्हणजे, समोरून एखादी मुलगी बरोबर दिशेने सायकलवर येत असेल तर तिला आपल्यासाठी रहदारीत, उजवीकडे, बाहेर पडावं लागतं. नियम आपण मोडायचा आणि जीव तिने धोक्यात घालायचा.

उपाय इतका साधा आहे की लिहायला संकोच वाटतो. उतरा आणि हातात सायकल धरून फुटपाथवरून चाला. उतरलात की तुम्ही पादचारी. शंभर मीटर चालायला सव्वा मिनिट लागतं.

सिग्नल तोडणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, तो टाळणार नाही. हिरवा होताच मागच्या गाड्या अंगावर येतात, म्हणून आधीच निघून जाणं सुरक्षित वाटतं. सोबत परदेशाचे दाखलेही येतात. अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये १९८२ पासून ‘स्टॉप’च्या पाटीशी सायकलस्वाराला पूर्ण न थांबता, वेग कमी करून पुढे जाता येतं. पॅरिसमध्ये काही चौकांत छोटी त्रिकोणी पाटी असेल तर लाल दिव्यालाही ठरावीक दिशेने जाता येतं. बरोबर. पण दोन्हीकडे अट एकच, आधी पादचाऱ्याला आणि ज्याचा आधी जायचा हक्क आहे त्या वाहनाला वाट द्यायची. आपल्याकडे ती पाटीही नाही आणि ती अट पाळायची सवय तर त्याहून नाही.

अंगावर येणाऱ्या गाड्यांवर उपाय गिअरमध्ये आहे. डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, चेन फिरत असतानाच गिअर बदलतो. म्हणून सिग्नलच्या वीस-पंचवीस मीटर आधीच, पेडल मारत असताना, मागच्या मोठ्या चकतीवर या. बहुतेक जण जड गिअरवर थांबतात आणि सुटताना उभं राहून, डगमगत, हँडल डावी-उजवीकडे फेकत निघतात. मागच्याला नेमकं तेच झेपत नाही. थांबल्यावर एक पाय जमिनीवर, दुसऱ्या पायाचं पेडल घड्याळात दोन वाजलेल्या जागी. पहिल्याच दाबाला सायकल सरळ सुटते. उभं राहायचं ते थांबारेषेच्या मागेच, पण पहिल्या गाडीच्या चालकाला दिसेल अशा जागी. बसच्या किंवा डंपरच्या डाव्या कुशीत कधीच नाही. ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला आरशात दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. तो डावीकडे वळला की मागची चाकं आतल्या बाजूने येतात आणि तिथे आपण फुटपाथला टेकून उभे असतो.

चालवताना रेष सरळ ठेवा. कडेपासून दोन-अडीच फूट आणि उभ्या मोटारींपासून किमान एक मीटर, कारण दार तेवढं उघडतं. दोन मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली की डावीकडे घुसायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, हा सभ्यपणा वाटतो, पण प्रत्येक वेळी बाहेर येताना आपण मागच्याच्या समोर अचानक उगवतो. रिक्षाच्या मागे जाताना रिक्षाकडे बघू नका, पुढच्या फुटपाथवर हात करणाऱ्या माणसाकडे बघा. रिक्षा तिथेच थांबणार. थांब्यावर उभ्या पीएमपीला (शहर बसला) डावीकडून ओलांडायचं नाही. तिथे लोक चढतात-उतरतात, ती जागा त्यांची.

उजवीकडे वळायला विद्यापीठ चौकासारख्या अजस्र ठिकाणी मधल्या लेनमध्ये शिरायचा पराक्रम करू नका. सरळ पलीकडे जा, डाव्या कोपऱ्यात थांबून सायकल फिरवा आणि त्या बाजूच्या सिग्नलबरोबर निघा. दोन टप्पे, एक जादा मिनिट.

हात दाखवणं हा लुप्त झालेला प्रकार. उजवीकडे वळताना उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा, वळायच्या चार-पाच सेकंद आधी, आणि त्याच्याही आधी मान वळवून मागे बघणं. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. म्हणजे हात दाखवताना हाताशी फक्त मागचा ब्रेक उरतो, आणि ते बरंच आहे, कारण एका हाताने पुढचा ब्रेक दाबला तर हँडल वळतं. म्हणून वेग आधी कमी करा, मग हात दाखवा आणि वळणाआधी हात परत हँडलवर आणा. काही परदेशी बनावटीच्या सायकलींत ब्रेक उलटे असतात. नवी सायकल घेतल्यावर पहिली गोष्ट हीच तपासा.

ब्रेकवरून आठवलं. ताशी २५ने जाताना समोर काही आलं तर बोटं आवळेपर्यंत एक सेकंद जातो, त्यात सात मीटर संपले. कोरड्या डांबरावर, चांगल्या ब्रेकने, आणखी पाच मीटर. एकूण बारा, म्हणजे पीएमपीच्या मोठ्या बसइतकी लांबी. पावसात ओल्या रिमवर ब्रेकची पकड निम्म्यावर येते, तेव्हा सतरा. ताशी १५ला हेच अंतर सहा मीटर होतं. गर्दीत वेग कमी ठेवा म्हणतात तो यासाठी. फक्त मागचा ब्रेक दाबायची सवय तर ताबडतोब सोडा. थांबताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. दोन्ही एकदम दाबायचे, पुढच्यावर जोर वाढवत न्यायचा, ढुंगण सीटवर मागे सरकवायचं. ओल्या झेब्र्याच्या पट्ट्यांवर आणि चेंबरच्या झाकणांवर मात्र ना ब्रेक, ना वळण. सिमेंटचा रस्ता आणि कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यात दोन-दोन इंचांची पायरी असते. ती फारच तिरकी ओलांडायला गेलात तर चाक तिच्यातच धावतं आणि आपण आडवे. काटकोनात नाही तर निदान ४५ अंशांत तरी ओलांडा. रस्त्याच्या दिशेने उभ्या फटी असलेली जाळी तर पातळ टायरसाठी सापळाच.

आता सायकलीचं स्वतःचं. चाळीस हजारांची सायकल घ्यायची आणि घंटी काढून टाकायची, कारण ती ‘लुक’ बिघडवते! मडगार्ड नाही, रिफ्लेक्टर नाही, स्टँड नाही. घंटी लावा. दहा-पंधरा मीटर आधी एकदाच वाजवा. माणसाच्या मागे जाऊन टिंगटिंग करत राहिलात तर तो दचकून नेमका तुमच्याच बाजूला सरकतो.

व्ही-ब्रेकच्या, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या ब्रेकच्या, पॅडवर खाचा असतात, त्या दिसेनाशा झाल्या की पॅड संपलं. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर केबल ढिली आहे. लिव्हरपाशी केबल जिथे शिरते तिथली नळी अर्धा-अर्धा फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. हे पावसाळ्यात दर पंधरवड्याला, कारण चिखल आणि वाळू पॅड खाते. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांच्या मर्यादेत. ३२ मिलिमीटरच्या हायब्रिडला साधारण ६० ते ७५ पीएसआय, जाड टायरच्या एमटीबीला (माउंटन बाइकला) ४० च्या आसपास. पावसात थोडी कमी.

दिव्यांचं प्रकरण दोन टोकांना आहे. अर्ध्यांकडे दिवाच नाही, उरलेल्यांनी हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) टॉर्च सरळ समोरच्याच्या डोळ्यांत रोखलेला. शहरात दोनशे-तीनशे ल्युमेन पुरतात. दिवा खाली झुकवा, उजेडाचा मध्य पाच-सहा मीटरवर रस्त्यावर पडला पाहिजे. रात्री पुढचा दिवा स्थिर ठेवा. लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतर कळत नाही; जर्मनीत तर सायकलला लुकलुकणारा दिवा चालतच नाही. मागचा लाल दिवा सॅकच्या पट्ट्याला नको, सॅक हलली की तो आकाश बघतो. सीटच्या खांबाला लावा.

हेडफोन आणि मोबाइलबद्दल जास्त लिहीत नाही. सायकलींचा देश म्हणून ज्याचं नाव घेतो त्या नेदरलँड्समध्ये जुलै २०१९ पासून सायकल चालवताना हातात फोन धरायला बंदी आहे.

सायकल ट्रॅकवर टपरी, मोटारी, गणपतीचे मांडव, सगळं असतं, ठाऊक आहे. महापालिकेला शिव्या द्यायच्याच आहेत, द्या, मीही सोबत आहे. पण ट्रॅक अडला म्हणून फुटपाथवर ताशी वीसने जायचा हक्क मिळत नाही. जंगली महाराज रस्त्यावर ट्रॅक फुटपाथला लागून आहे आणि त्यावर लोक चालणारच, मुलं धावणारच. तिथे दहा-बाराचा वेग, बोटं ब्रेकवर. घाई असेल तर रस्त्यावर उतरा, रस्ता आपलाही आहे.

शेवटचं ई-सायकलवाल्यांसाठी. मोटार २५० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ पर्यंत आणि बॅटरी वगळून वजन साठ किलोच्या आत असेल, तरच ती कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. दुकानदाराकडून वेगमर्यादा ‘अनलॉक’ करून घेतलीत की ती मोटार वाहन झाली. मग नोंदणी हवी, विमा हवा, लायसन्स हवं, आणि हो, नंबरप्लेटसुद्धा.