हेडला फेस मारायचा की नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'हेड उतरवलं म्हणून फेस मारलाच पाहिजे असं नाही' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, हेड म्हणजे त्यावरचं झाकण, गॅसकेट म्हणजे दोघांमधलं सील, आणि फेस मारणं म्हणजे हेडची खालची बाजू मशीनवर तासून सपाट करणं. तुम्ही म्हणता, हेड खाली आलं की ते मशीन शॉपला पाठवायचंच; जो पाठवत नाही तो गिऱ्हाइकाच्या जिवावर पैसे वाचवतो. फेस मारल्याशिवाय नवं गॅसकेट धरत नाही. ब्लॉकबद्दल मी पुरेसं लिहिलेलं नाही. आणि शेवटचं वाक्य : 'पट्टी ठेवून हेड बघणारे सोलापूरचे गॅरेजवाले अंदाजपंचे काम करतात.'

ब्लॉकचं मान्य आहे. लेखात त्याला एकच ओळ मिळाली, जास्त द्यायला हवी होती. हेड सरळ आणि ब्लॉक वाकडा असेल तर गॅसकेट पुन्हा उडणारच.

शेवटचं वाक्य मात्र मी सोडणार नाही. मुद्दा पटला नाही तर तसं लिहा, मी ऐकून घेईन. पण एका ओळीत अख्ख्या गावाच्या कारागिरांना अडाणी ठरवायचं, आणि ते स्वतःचं नावगाव न लिहिता? कोणत्या इंजिनावर काम केलंय, किती हेड हाताखालून गेलीत, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. माझं गॅरेज अक्कलकोट रोडला आहे आणि पाटीवर माझं नाव आहे. काम बिघडलं तर गिऱ्हाईक सकाळी दारात उभं असतं.

त्या 'पट्टी'बद्दल सांगतो. ती ग्राइंड केलेली स्ट्रेट एज आहे, सपाटपणा तपासायची अगदी सरळ कडेची पट्टी. लाकडी पेटीत, तेलाच्या फडक्यात ठेवलेली असते. दुसऱ्या कुठल्याही कामाला ती बाहेर निघत नाही. हेड पूर्ण थंड झाल्यावर जुनं गॅसकेट हातानं काढायचं. ग्राइंडरला घासणी चकती लावून काढायचं नाही, कारण अॅल्युमिनियमला जागोजाग खड्डे पडतात आणि चकतीची धूळ ऑईलमधून बेअरिंगपर्यंत जाऊन त्यांना खाते. मग स्ट्रेट एज सहा रेषांवर ठेवायची : दोन लांबीच्या कडांना, दोन रुंदीच्या, दोन तिरप्या. प्रत्येक रेषेवर फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातलं, ०.०५ मिमीचं पातं खालून सरकतंय का बघायचं. हे पातं डोक्याच्या केसापेक्षा बारीक असतं. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये वाकाची मर्यादा याच्याच आसपास असते. शिवाय दोन सिलिंडरच्या मध्ये अचानक खड्डा असेल तर एकूण माप मर्यादेत असूनही ते हेड पास होत नाही. ७५ मिमी लांबीत ०.०२५ मिमीपेक्षा जास्त फरक मी चालवून घेत नाही. याला तुम्ही अंदाजपंचे म्हणता? न मोजता प्रत्येक हेड मशीनवर चढवणं, अंदाज तो आहे.

माझे वडील ट्रकच्या इंजिनांवर काम करायचे. गरम इंजिनाचे हेड बोल्ट त्यांनी कधी कुणाला उघडू दिले नाहीत. सैल करायचे तेही टोकाकडून मधे, थोडे थोडे. गाडीवाला घाई करायचा, हे चहा सांगून बसून राहायचे. त्या काळची हेडं बिडाची. ती वाकण्यापेक्षा तडकायची. आता कारला अॅल्युमिनियमचं हेड आलं, ते तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर, रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं क्षाराचं पाणी. हेड वाकतात, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. वाकलेलं असेल तर मी स्वतः पाठवतो.

पण नुसता फेस मारून भागत नाही, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. मध्यंतरी मोहोळकडची एक गाडी आली होती. दुसरीकडे हेडला फेस मारून आणलेला, खालची बाजू काचेसारखी. कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा) ठेवून त्यावरच्या कॅप आवळल्या तर कॅम हातानं फिरेना. हेड कमानीसारखं वाकलेलं, त्यांनी खालून सपाट केलं, वरची कॅमची जागा वाकडीच राहिली. असं हेड आधी सरळ करावं लागतं, मग फेस. त्या माणसानं दोनदा पैसे मोजले, आणि हेड शेवटी बदलावंच लागलं.

काढलेला धातू परत येत नाही. धातू निघून हेड खाली बसलं की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा दाबली जाण्याचं प्रमाण) वाढतं, ओव्हरहेड कॅम, म्हणजे कॅम हेडमध्येच, असेल तर वॉल्व्ह उघडण्याचं टायमिंग मागे सरकतं. डिझेलमध्ये वॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर आधीच थोडं. कित्येक डिझेल हेडांना कंपनीच फेस मारायला मनाई करते. मारायचाच तर किती घेतला ते लिहून घ्या आणि तेवढी उंची भरून काढणारं जाड गॅसकेट मिळतंय का ते आधी बघा.

गॅसकेट धरत नाही म्हणता, तर पत्र्याच्या थरांच्या नव्या गॅसकेटला साधारण ०.८ मायक्रॉन खरबरीतपणाचा किंवा त्याहून गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. झिजलेल्या टूलनं मारलेला फेस मूळ पृष्ठभागापेक्षा खरबरीत निघतो. मशीनवर गेलं म्हणजे सुधारलं, असं होत नाही.

पैसे वाचवण्याच्या आरोपाला मी उत्तर देणार नाही. माझ्या गिऱ्हाइकांना विचारा.

पुढे लिहायचं असेल तर इंजिन कोणतं, गॅसकेट कोणतं आणि सहा रेषांवरची मापं लिहा. इंजिन उकळलं होतं का, प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) केली का, वॉल्व्ह सीटच्या मधे तडा दिसला का, तेही लिहा. तेवढं आलं तर मी सविस्तर बोलेन. माप नसलेल्या प्रतिक्रियेला यापुढे उत्तर देणार नाही.