भाकड काळाचे व्याज

शैक्षणिक कर्जावर वर्षभरात भरलेल्या व्याजाचा दाखला बँकेतून आणणे हे पाच मिनिटांचे काम आहे, असे वडील म्हणाले. ते सहकर्जदार असल्यामुळे त्यांच्या म्हणण्याला घरात वजन आहे. रांगेत माझ्यामागे मुदतठेवीवाले एक काका उभे होते. कोल्हापुरात रांगेत शेजारी उभा असलेला माणूस तुमची चौकशी करत नसेल, तर तो बहुधा सांगलीचा असतो. हे काका अस्सल इथलेच होते.

“ठेव हाय व्हय?” त्यांनी विचारले.

“नाही, कर्ज आहे. शिक्षणाचे.”

“म्हंजे आमचं व्याज तुमच्याकडनं येतंय म्हणा की!” हे त्यांनी इतक्या मोकळ्या आवाजात जाहीर केले, की रांगेतल्या सर्वांना आपापल्या व्याजाचा उगम पाहण्याची इच्छा झाली आणि त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले.

मग काकांनी हातातल्या कोऱ्या अर्जाच्या मागच्या बाजूस माझा हिशेब मांडला. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने घेतलेले पाच लाख, दर साडेदहा टक्के, अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्त्याला सवलत. त्यामुळे हप्ते सुरू होईपर्यंत रक्कम पावणेसात लाखांच्या पुढे गेलेली. दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता सव्वानऊ हजारांचा आणि पहिल्या हप्त्यातले जवळजवळ सहा हजार नुसते व्याजाचे.

“एवढ्यात तीन-चार म्हशी आल्या असत्या की वो! गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध विकलं असतं, तर पैल्या दिवसापासनं पैसा.”

मी जरा चिडूनच त्यांना समजावले की, शिकत असताना हप्ता भरावा लागत नाही, हीच या कर्जाची सोय आहे.

“भाकड म्हस पेंड खाईत न्हाई व्हय?” काका म्हणाले.

कर्ज देताना बँकेने माझ्या किमान वीस सह्या घेतल्या असतील, पण सवलतीच्या काळातही व्याज चढतच राहते, हे इतक्या स्पष्टपणे मला तिथे कोणी सांगितले नव्हते. राजर्षी शाहूंनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी या गावात वसतिगृहांची रांग उभी केली. त्याच गावात शिक्षणापायी मी या भलत्या रांगेत उभा होतो. आता पगार एक तारखेला येतो आणि पाच तारखेला हप्ता आपोआप कापला जातो. मधल्या दिवसांत वाणी, वीजबिल आणि आईची भिशी यांच्यापासून ती रक्कम लपवून ठेवावी लागते, कारण हप्ता चुकला तर दंडाबरोबर माझा आणि वडिलांचा, असे दोघांचीही पत ठरवणारे सिबिल गुण घसरतात. त्यामुळे चार तारखेला रात्री जेवताना वडील हवापाण्याच्या गप्पा मारत मारत ‘खात्यात आहेत ना?’ असे विचारतात, आणि आमटी तिथेच बेचव होते.

शेवटी माझा नंबर आला. खिडकीतल्या साहेबांनी दाखला छापला, त्यावर शिक्का मारला आणि मग विचारले, “हा कशाला हवा होता?”

“आयकराच्या ८०ई कलमाखाली वजावट घ्यायला.”

“ती जुन्या करपद्धतीत मिळते, आणि तीही फक्त व्याजावर, मुद्दलावर नाही. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. तुमचं उत्पन्न बारा लाखांच्या वर आहे का?”

रांग पुन्हा माझ्याकडे पाहू लागली. मी मान हलवली.

“मग तुम्हाला वजावटीची गरजच नाही,” साहेब अभिनंदन केल्यासारखे म्हणाले. कर नाही, हे ठीकच. पण व्याज आहे, आणि त्याच्या भाराकडे बघायला सरकारला आता निमित्तच उरलेले नाही. आठ वर्षांपर्यंत मिळू शकणारी ही वजावट कर्ज घेताना प्रत्येकाने मला मोठ्या कौतुकाने ऐकवली होती.

निघताना काकांनी हाक मारली. चष्मा घरी राहिल्यामुळे त्यांना १५एचचा अर्ज भरता येत नव्हता, आणि ठेवीच्या व्याजातून कर कापला जाऊ नये म्हणून तो आजच द्यायचा होता. अर्जाच्या मागे माझे कर्ज मांडलेले असल्यामुळे साहेबांनी तो घ्यायला नकार दिला, म्हणून मी नवा अर्ज मागून आणला आणि त्यांच्या व्याजाची रक्कम स्वच्छ अक्षरात लिहून दिली.

“अक्षर झ्याक हाय,” काका म्हणाले, “शिक्षणाचा उपयोग हुतो.”