सहा महिने ब्रश लपवून ठेवा

कुत्र्याला ग्रूमरकडे, म्हणजे त्याचे केस-नखं कापून देणाऱ्याकडे, न्यायचं ठरलं असेल, तर तयारी सहा महिने आधीपासून करावी लागते. घरातला ब्रश कपाटावर टाका आणि विसरून जा. लांब केसांच्या कुत्र्याला तुम्हीच रोज विंचरत बसलात तर त्या बिचाऱ्या ग्रूमरने करायचं काय? अगदीच राहवलं नाही, तर पाठीवरून वरवर हात फिरवा. पाठ चमकते, फोटोही छान येतो. गुंता होतो तो कानांमागे, काखेत आणि पट्ट्याखाली. तिथे कोण बघायला जातंय?

आदल्या दिवशी मात्र आठवणीने आंघोळ घाला, गुंता न सोडवताच. भिजलेल्या जटा वाळताना अशा आवळतात की अंगावरच घोंगडं विणून तयार. (अनुभवाचे बोल आहेत, मी हे दोनदा केलंय.)

वेळ अकराची असेल तर पावणेबाराला पोचा. वाटेत कुत्र्याला शू-शी करू देऊ नका, ते काम टेबलावर होईल. लसींचं कार्ड घरीच राहू द्या. ‘चावतो का हो?’ असं विचारलं तर दुखावल्यासारखं हसा आणि म्हणा, ‘छे! तो फक्त खेळतो.’ मागच्या ग्रूमरच्या अंगठ्याला टाके पडले होते, हे सांगून वातावरण कशाला बिघडवायचं? सांगितलंत तर ती आधीच तोंडाला मझल, म्हणजे मुसकं, बांधेल आणि सगळी मजाच जाईल.

आता मुख्य मुद्दा. ‘केस अजिबात कमी करू नका हं, फक्त गुंता सोडवा,’ हे ठासून सांगा आणि मोबाईलमधला फोटो दाखवा. फोटोतला कुत्रा वेगळ्याच जातीचा असेल तर फारच छान. ग्रूमर कंगवा घालून बघेल, तो दोन दातांपुढे जाणार नाही. मग ती बोटांनी एक जट हळूच उचलून दाखवेल. खाली लालसर, ओलसर कातडी आणि एक टम्म फुगलेली गोचीड. त्याकडे बघून म्हणायचं, ‘अय्या! काल तर नव्हतं हे!’ अशा जटा ओढून सोडवताना कुत्रं कळवळतं, म्हणून मशीन लावून बारीक करणंच बरं, असं ती समजावेल. ऐकू नका. दुखणार त्याला आहे, लांब केस तुम्हाला हवे आहेत.

नखांचंही तसंच. फरशीवर टकटक वाजतात तोवर तो ताल समजा. नख वाढतं तशी आतली रक्तवाहिनीही पुढे सरकते, म्हणून वाढलेली नखं एका बैठकीत आखूड होत नाहीत. तुम्ही तरीही ‘एकदाच मुळापासून काढून टाका’ म्हणा. रक्त आलं की किंचाळायलाही तुम्हीच.

काम सुरू झालं की घरी जाऊ नका. काचेबाहेर उभं राहून लाडाने हाक मारा. कात्री डोळ्याजवळ असतानाच तो तुमच्याकडे झेप घेईल. किती प्रेम आहे, ते दिसायला नको?

शेवटी तो बाहेर येईल, अर्ध्या आकाराचा. अंग झाडेल, खाली बसेल आणि मागच्या पायाने कान खाजवेल. कित्येक महिन्यांनी नख थेट कातडीपर्यंत पोचलेलं असतं, त्यामुळे बराच वेळ खाजवेल, डोळे मिटून. तुम्ही तोवर ‘शी! उंदीर दिसतोय नुसता!’ म्हणा आणि पैसे कमी करायला सांगा.